गाडी कानाने घ्यायची

४ जानेवारी, रविवार

ही वही ताईने घरून निघताना पिशवीत टाकली होती. "रोज चार ओळी लिही, अक्षर तरी माणसात येईल," म्हणाली. त्याला तीन वर्षं झाली. सातवीत शाळा सोडल्यापासून माझा पेनाशी संबंध हजेरीच्या सहीपुरता. पण आज ठरलं म्हणून लिहितोय. गाडी घ्यायची. जुनी चालेल, पण स्पोर्ट्सच. दोन दारं, दोन सीटं, सहा सिलिंडर.

वेल्डरला सांगितलं. वेल्डर म्हणजे माझा खोलीतला जोडीदार. बारा वर्षांनी मोठा, त्यामुळे अक्कल शिकवायचा मक्ता त्याच्याकडे.

"दोनच सीटं? मग सामान कुठे ठेवणार?"

"मला सामान कुठंय?"

"तेही खरं," म्हणाला आणि कुशीवर वळला.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मीच मागे हटलो तर वाचता येईल. बाबा तीस वर्षं एका साहेबाकडे ड्रायव्हर होते. साहेबाच्या मोठ्या गाड्या त्यांनी पृथ्वीला फेऱ्या होतील एवढ्या चालवल्या. पण गॅरेजच्या कोपऱ्यात एक हिरवी, दोन सीटची स्पोर्ट्स गाडी होती. ती साहेब स्वतः चालवणार होता आणि साहेबाला कधी वेळ झाला नाही. बाबांचं काम एवढंच, की रोज सकाळी ती दहा मिनिटं चालू ठेवायची. न्यूट्रलला, जागच्या जागी. शाळेआधी मी शेजारच्या सीटवर बसायचो. बाबा डोळे मिटायचे आणि विचारायचे, "सांग, आज काय म्हणतेय?" मी सांगायचो, बेल्ट सैल आहे, एक टॅपेट वाजतंय. दहातल्या नऊ वेळा बरोबर. पुस्तकातलं डोक्यात कधी शिरलं नाही, पण कानातलं राहिलं. "डोळा फसतो रे धाकट्या," बाबा म्हणायचे. "रंग दाखवून कुणीही फसवेल. गाडी कानाने घ्यायची."

मग साहेबाने ती गाडी विकली. बाबांनी तिला एकदाही गिअरमध्ये टाकलं नव्हतं.

बाबांचं लायसन ३१ मार्चला संपतंय. या वयाला पुढचं देणार नाहीत. त्याच्या आत तशी गाडी घेऊन घरी जायचं. दोन दिवसांचा रस्ता आहे. किल्ली बाबांच्या हातात द्यायची आणि मी शेजारच्या सीटवर.

८ जानेवारी, गुरुवार

आज सुपरवायझरने परत पिवळे बोळे वाटले, कानात घालायचे. मी परत खिशात टाकले. माझी प्रेस, पत्रा ठोकून आकार देणारी, दीडशे टनांची. पत्रा सरकव, पेडल दाब, धाड. दिवसाला दोन हजार वेळा धाड. लोक म्हणतात आवाजाने वेड लागेल. पण क्लच सटकला की प्रेस आपोआप खाली येते, आणि सटकायच्या आधी तो एक बारीक कुरकुर करतो. ती ज्याने ऐकली त्याची बोटं शाबूत. घरून निघालो तेव्हा बाबांनी एकच गोष्ट सांगितली होती, "कान उघडे ठेव. कान झाकून मशीनवर बसणारा आंधळाच."

शेजारच्या प्रेसवर हां-हां असतो. म्हातारा आहे. काहीही विचारा, "हां, हां." जेवलास का? हां, हां. तुझ्या पायावर पत्रा पडलाय का? हां, हां. तो बोळे घालतो. घालून काय उपयोग झाला? ठार बहिरा तो बहिराच. आम्ही फार हसतो.

१३ जानेवारी, मंगळवार

खोलीत कुठेतरी किडा शिरलाय. एकसारखी किर्र. कपाट पुढे ओढलं, गाद्या उचलल्या, न्हाणीघराच्या जाळीत काडी घालून पाहिली. वेल्डर खुर्चीत बसून मजा बघत होता.

"कुठला किडा?"

"ऐक ना. किर्र."

"मला नाही येत बाबा ऐकू."

"तुला कशाला येईल? वेल्डिंग करून डोळे गेले, आता कानही चालले तुझे."

तो पांघरूण ओढून झोपला. किडा मात्र बोलतोय.

१८ जानेवारी, रविवार

आज पहिली गाडी पाहिली. गावाबाहेर जुन्या गाड्यांचं आवार आहे. मालक डोक्यावरची टोपी काढत नाही, म्हणून तो टोपीवाला. वेल्डर सोबत होता. त्याने गाडीखाली झोपून सगळे सांधे पाहिले.

चांदीच्या रंगाची. कुणी शाळामास्तरीण होती, तिची. प्रत्येक सर्व्हिसचा कागद क्रमाने लावलेला. गिअर हाताचे. छप्पर पक्कं, उघडत नाही. सीटं कापडी. मी मागच्या पानावर हवं-नको लिहिलंय, त्यातलं छप्पर गेलं, चामड्याची सीटं गेली, मागचा पंख गेला. म्हटलं निदान गाणी ऐकू. म्युझिक सिस्टिम लावली तर मेलेली. आवाज शेवटपर्यंत पिळला तरी कुणीतरी उशीखालून गातंय असं. टोपीवाल्याने दोन्ही कानांवर हात ठेवले. वेल्डर बाहेर उडी मारून गेला. दोघं नाटकी.

मग बाबांना फोन लावला आणि फोन इंजिनाजवळ धरला. आमचं ठरलंय तसं. पाच मिनिटं. मग ताई आली फोनवर. हल्ली बाबांचा आवाज फार खोल गेलाय, वयामुळे असेल, म्हणून ताई त्यांचं बोलणं मोठ्याने सांगते. "बाबा म्हणतात हीच घे. डोळे मिटून घे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलंय रे."

मी म्हटलं, छप्पर उघडत नाही, गाण्यांचा आवाज नाही, रंग फ्रिजसारखा.

"बाबा विचारतात, गाडीत गाणं ऐकायचंय की गाडी ऐकायचीय?"

येताना वेल्डरपण तेच धरून बसला. "अरे, मास्तरणीची गाडी आहे, गुणाची आहे." मी म्हटलं, गुणाची पाहिजे असती तर शाळेतच नसतो का राहिलो!

विचार करून सांगतो म्हणून आलो.

२५ जानेवारी, रविवार

फोन. बाबांचा रक्तदाब, ताईच्या शिवणाच्या मशीनची मोटर. मी स्पीकर लावून फोन कानाला लावतो तरी अर्धं निसटतं. या खोलीत रेंजच नाही. वेल्डर म्हणतो, "तुझ्या बापाचा रक्तदाब सगळ्या इमारतीला कळला. पहिल्या मजल्यावरची बाई मीठ कमी करा म्हणत होती."

शेवटी ताई म्हणाली, "चांदीवाली घेतलीस का?" मी म्हटलं बघतो.

का बघतो? लिहायचंच तर खरं लिहितो. त्या गाडीत बसल्यावर मला काही झालं नाही. हिरव्या गाडीत अंगावर काटा यायचा, आवाज मांडीपासून वर चढायचा. चांदीवाली गप्प. सगळं ठीक आणि गप्प. मला वाटलं मीच काहीतरी हरवून आलोय. असल्या गाडीत बाबांना कसं बसवू?

८ फेब्रुवारी, रविवार

चांदीवाली गेली. टोपीवाल्याने सांगितलं, कुणी नवरा-बायको घेऊन गेले. मी म्हटलं जाऊ दे, पण आवारातून बाहेर आल्यावर बराच वेळ बसथांब्यावर बसून राहिलो. दोन बस सुटल्या. हॉर्न तरी वाजवायचा माणसाने.

ताईला नाही सांगितलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

लाल!

छप्पर बटणाने उघडतं. काळं चामडं. मागे पंख. आणि म्युझिक सिस्टिम अशी की बरगड्या हलल्या. कितीतरी महिन्यांनी गाणं पोटात गेलं. वेल्डरला जादा पाळी होती, मी एकटाच गेलो होतो. बरंच झालं.

टोपीवाला बॉनेट उघडायला आधी तयार नव्हता. "आत्ताच धुतलीय, इंजिन ओलं आहे" वगैरे. मी म्हटलं, मी कानाने गाडी घेतो, उघडा. चालू केली. मी डोळे मिटले, अगदी बाबांसारखे. लोणी. नुसतं लोणी! सहा सिलिंडर असून कापसावर चालल्यासारखी. डोळे उघडले तर टोपीवाला माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता. त्याचे ओठ हलले. मी म्हटलं, काय? तो म्हणाला, "काही नाही. कसा वाटला आवाज?"

"आवाजच नाही," मी म्हटलं.

त्याने टोपी मागे सारली. मग हसला. त्यानंतर फारच मोकळा झाला माणूस. चहा मागवला, किमतीत आपणहून उतरला. चेहऱ्यावरून वाटतो तेवढा वाईट नाही.

बाबांना फोन नाही केला. ते परत चांदीवालीचं काढतील. थेट दारातच नेऊन उभी करतो.

१ मार्च, रविवार

घेतली. कागदावर माझं नाव आहे. तीन वर्षांची जादा पाळी त्या एका कागदात गेली. पश्चात्ताप नाही.

इमारतीखाली आणली. वेल्डर जिन्यातूनच ओरडत आला असावा, कारण दिसला तेव्हा तोंड उघडं होतं. त्याने आत हात घालून किल्ली फिरवली, गाडी बंद केली.

"ही काय खडखड आहे?"

"कसली खडखड?"

"अरे, खाली बेअरिंग ठोकतंय! बादलीत खिळे घालून हलवल्यासारखं वाजतंय. चौथ्या मजल्यावर ऐकलं मी!"

"जळतोस तू."

"जळू कशाला? बडा घर पोकळ वासा. रंग लावून विकलाय तुला. परत दे, आजच्या आज परत दे."

मी परत चालू केली. ऐकलं. काही नाही. लोणी. खाली वाकून ऐकलं, बॉनेटवर कान टेकवून ऐकलं. थोडी थरथर आहे, ती स्पोर्ट्स गाडीला असतेच.

वेल्डरने माझ्या खांद्याला धरून तोंड आपल्याकडे वळवलं. लहान पोराशी बोलतात तसं सावकाश बोलला. "तुला तो किडा ऐकू येतो, आणि हे येत नाही?"

मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही. त्याच्या गेलेल्या बायकोपर्यंत बोललो.

११ मार्च, बुधवार

वेल्डर बोलत नाही. बोलत असेल तर मला समजेल असं बोलत नाही. डबा मात्र दोघांचा भरून ठेवतो.

आज प्रेसवर क्लच सटकला. कुरकुर न करताच सटकला. हातमोज्याचं टोक डायच्या साच्यात राहिलं, बोट वाचलं. मशीनचा दोष. सुपरवायझरला सांगितलं की या क्लचने आवाज द्यायचं सोडलंय. तो म्हणाला, आवाज दिला की, मला केबिनमध्ये आला. मी म्हटलं हां, हां.

२६ मार्च, गुरुवार

आठ दिवसांची रजा मिळाली. पहाटे नाही, चांगली कोवळी उन्हं पडल्यावर निघालो, छप्पर उघडून. रस्त्यावरची माणसं वळून वळून बघत होती. बघा म्हटलं. लाल रंग बघण्यासाठीच असतो.

गावाची वेस ओलांडली आणि राहवेना. गाडी बाजूला घेतली, फोन लावला आणि न सांगता इंजिनाजवळ धरला. मनात म्हटलं, ओळखा बघू. मिनिटभराने कानाला लावला. बाबा बोलत होते. ताईही बोलत होती, दोघं एकदम. वाऱ्यात काही समजेना. मी म्हटलं, "हां, हां बाबा. येतोय. एकतीसच्या आत येतोय. शर्टाला इस्त्री करून ठेवा." ठेवून दिला.

पुढच्या पंपावर थांबलो तर ताईचा लेखी निरोप. "बाबा म्हणतात गाडी बंद कर. आत्ताच्या आत्ता. एक पाऊल पुढे नेऊ नको. ऐकू येत नाही का तुला?"

रागावलेत. चांदीवाली न घेतल्याचा राग. आणि खरं सांगायचं तर आता वय झालं त्यांचं. सगळं आयुष्य कानावर काढलं, पण कान काय जन्माला पुरतात? फोनवरून त्यांना काहीतरी भलतंच ऐकू आलं असणार. समोर उभी केल्यावर कळेल.

दुपारनंतर गाणी लावलीच नाहीत. इंजिनच ऐकत चाललोय. लोणी.

२७ मार्च, शुक्रवार

रस्त्याच्या कडेला बसून लिहितोय.

गाडी गेली. सकाळी निघून तासही झाला नव्हता, चढ होता. पायाखाली धक्का बसला, प्रेसची धाड बसते तसा, पायातून वर मणक्यापर्यंत. स्टिअरिंग जड झालं. आरशात पाहिलं तर मागे रस्त्यावर तेलाचा काळा पट्टा. आवाज? मी आठवून आठवून पाहतोय. आवाज नव्हता.

दोन तासांनी क्रेनवाला आला. मी दगडावर पाठमोरा बसलो होतो. त्याने खांद्यावर हात ठेवला तेव्हा दचकलो. "चार हाका मारल्या," म्हणाला. मी म्हटलं, वारा आहे.

त्याने इंजिनाच्या बाजूला टॉर्च धरून दाखवलं. लोखंडाला मुठीएवढं भोक आणि त्यातून मोडका रॉड बाहेर आलेला, हाड बाहेर यावं तसा.

"कधीपासून ठोकत होतं?"

"ठोकत नव्हतं."

त्याने भोकात बोट घातलं, काढलं, विजारीला पुसलं. "पोरा, दोन-तीनशे किलोमीटर तरी ही बोंब मारत आली असणार. आसपासच्या गाड्यांनी हॉर्न मारले असतील तुला. तू काय झोपला होतास?"

"गाणी चालू होती," मी म्हटलं.

२९ मार्च, रविवार

परत आलो. बसने. इथली खोली जवळ होती, घर लांब. आणि घरी कुठल्या तोंडाने जाऊ? लाल गाडी क्रेनवाल्याच्या भंगारात दिली. छप्पर, सीटं, गाणी, पंख, सगळ्यासकट. त्याने फक्त म्युझिक सिस्टिम कामाची आहे म्हणून वेगळी काढली.

वेल्डरने दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. मी कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडलो. बऱ्याच वेळाने वळलो तर तो माझ्या डोक्यामागे दोन वाट्या हातात घेऊन उभा होता. एकमेकींवर आपटायच्या तशा धरलेल्या. मी वळल्याबरोबर त्याने त्या खाली ठेवल्या आणि तोंड फिरवलं.

"आपटल्यास का?" मी विचारलं.

तो मान हलवून हो म्हणाला.

३१ मार्च, मंगळवार

ताईचा निरोप. "बाबा सकाळीच पांढरा शर्ट घालून पायरीवर बसले. मी म्हटलं, बाबा, गाडी येणार नाहीये. म्हणाले ठाऊक आहे. दिवेलागणीला आत आले, लायसन डब्यात ठेवलं."

४ एप्रिल, शनिवार

किडा आहे. गादी बदलली, खोलीतली जागा बदलली, कारखान्याच्या मैदानात मधोमध उभा राहिलो. तिथेही आला माझ्याबरोबर.

कँटीनमध्ये आज सगळे एकदम हसले. मीही हसलो. नंतर वेल्डरने कागदावर लिहून दिलं, कारण मीच हट्ट धरला. कुणीतरी मला धाकटा हां-हां म्हणालं होतं.

९ एप्रिल, गुरुवार

बाबांचं पत्र आलं. फोन नाही, पत्र. त्यांनी जन्मात कुणाला पत्र लिहिलेलं मला माहीत नाही. मोठी मोठी अक्षरं, ओळ वर चढत गेलेली. इथे उतरवून ठेवतो, तो कागद घडीवर आत्ताच फाटायला आलाय.

"धाकट्या, गाडीचं मनाला लावून घेऊ नको. इंजिन नवं घालता येतं. त्या दिवशी फोनवर मी बंद कर बंद कर म्हणून ओरडलो, ताई ओरडली, आणि तू हां हां म्हणालास. तेव्हा मी गाडी ऐकायची सोडली आणि तुला ऐकलं. कान उघडे ठेव हे मीच तुला सांगितलं होतं. मला गाड्या ठाऊक, प्रेस ठाऊक नव्हती. न विचारता सांगितलं. चांदीची गाडी फार चांगली होती, ती मी ऐकली, मला पोचली. आता बोळे घाल. उरलं असेल तेवढं राख. बाबा."

ती मला पोचली, असं लिहिलंय. चार वेळा वाचलं.

१० एप्रिल, शुक्रवार

खिशात जानेवारीतले बोळे होते, धुण्यात गोळा झालेले. सुपरवायझरकडून नवे मागून घेतले. तो काहीतरी म्हणाला. प्रेस सुरू करायच्या आधी दोन्ही कानांत घातले, तो दाखवतो तसे, बोटांत पिळून, आतपर्यंत. पत्रा सरकवला, पेडल दाबलं.

मग बोळे काढले. परत पेडल दाबलं.

परत घातले. परत काढले. पलीकडच्या प्रेसवरून हां-हां हातातलं काम थांबवून बघत होता.

फरक कळला नाही.

शेवटी घातलेलेच राहू दिले. बाबांनी सांगितलंय.